अर्ध्या उंचीचं कार्ड

चष्मेवाल्याला कशाचीही भीती वाटायची. लिफ्टची वाटायची, मोठ्या कुत्र्यांची वाटायची. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की चूक कुणाचीही असो, माफी हाच मागून मोकळा. बायको म्हणायची, "तुला कुणी 'थांब' म्हटलं ना, तर तू श्वाससुद्धा थांबवशील." दोघं मिळून चष्म्याचं दुकान चालवत. तो मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, ती पुढे गिऱ्हाइकं सांभाळायची. संध्याकाळी घरी गेलं की सोफ्यावर पाय वर घेऊन एक पिक्चर बघायचा, एवढीच काय ती चैन.

त्यासाठी टीव्हीखाली एक जुना, चपटा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटर ठेवला होता. पण हल्ली नवे पिक्चर त्याला झेपेनासे झाले होते. नायिका रडायला लागली की नेमकं चित्र अडकायचं. हुंदका आधी ऐकू यायचा आणि डोळ्यांतलं पाणी सावकाश मागून. बायकोला हसू यायचं, पण शेवटी तीच म्हणाली, "याचं काहीतरी कर बाबा. आपण पिक्चर बघतोय की वाट बघतोय?"

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण त्यांचं जुनं गिऱ्हाईक होता. त्याने डबा उघडून बघितला आणि मान हलवली.

"ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारं कार्ड, म्हातारं झालंय तुमचं. नवं घ्या, पण बघून घ्या. तुमचा डबा चपटा, म्हणून अर्ध्या उंचीचं कार्ड लागेल, आणि ते डब्याला कसायची लोखंडी पट्टीसुद्धा आखूडच हवी. वेगळी पॉवरची वायर लागणारं घेऊ नका, डब्यात तेवढा दम नाही. आणि पंखा घरघरणारा नको, नाहीतर पिक्चरपेक्षा तोच जास्त ऐकाल."

असं कार्ड दुकानात नवं घ्यायचं तर हौसेपेक्षा महाग पडत होतं. म्हणून चष्मेवाला जुन्या वस्तूंच्या साइटवर शोधायला लागला. कुणाचं उंच, कुणाचं जळकं, कुणाचा फोटोच खोटा. मग एक दिवस अगदी हवं तसं कार्ड दिसलं. अर्ध्या उंचीचं, आखूड पट्टीचं, आणि किंमत अशी की दोनदा वाचावी लागली.

त्याने मेसेज केला. उत्तर लगेच आलं, पण विचित्र. "दुपारीच या. फोन करू नका. फक्त मेसेज. एकटे या."

"चोरीचा माल असणार," तो बायकोला म्हणाला.

"मग नको जाऊ."

"पण तसलं कार्ड पुन्हा मिळायचं नाही गं."

"मग जा. पत्ता मला पाठवून ठेव, आणि आपला डबा घेऊन जा. तिथेच लावून बघ. चाललं तर घे, नाहीतर उठून ये. कुणाची भीड धरायची नाही."

म्हणून डबा एका जाड पिशवीत घालून, खिशात चष्म्याचे बारके स्क्रू-ड्रायव्हर टाकून, तो त्या पत्त्यावर गेला. लिफ्ट होती, पण तो जिन्यानेच वर चढला.

दार एका तिशीच्या आतल्या बाईने उघडलं. आधी साखळीएवढंच. त्याला, त्याच्या पिशवीला आणि त्याच्या मागच्या रिकाम्या जिन्याला नीट बघून मगच साखळी काढली.

"काका, बूट आत घ्या. बाहेर नको."

खोलीत भरदुपारी जाड पडदे ओढलेले होते. भिंतभर टीव्ही, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढे स्पीकर. समोर दोन आरामखुर्च्या, त्यातली एक वापरून वापरून खोल बसलेली आणि दुसरी नवीकोरी. कोपऱ्यातल्या कपाटावर काहीतरी गोल होतं, त्यावर हातरुमाल टाकलेला. रुमालाखालून पांढरी वायर निघाली होती. कॅमेरा आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"कार्ड कुठे आहे?" त्याने विचारलं.

तिने टीव्हीखालच्या काळ्या चपट्या पेटीकडे बोट दाखवलं. "यातच आहे अजून. मला स्क्रू निघेनात."

"हा कॉम्प्युटर तुमचा?"

"काका, तुम्हाला कार्ड हवंय ना?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाली, "माझाच आहे. नोकरी होती तेव्हा मीच घेतलेला. चोरीचा नाही."

कुणाची भीड धरू नकोस, असं बायकोने सांगितलं होतं. पण या बाईचे हात थरथरत होते, आणि भीती म्हणजे काय हे ज्याला रोजचं ठाऊक, त्याला ते न दिसून कसं चालेल? तो खाली बसला, पेटीचं झाकण काढलं आणि कार्ड बाहेर घेतलं. मग स्वतःचा डबा उघडला, त्यातलं म्हातारं कार्ड काढून सतरंजीवर ठेवलं आणि हे नवं बसवलं. चपखल बसलं. टीव्हीची वायर जोडली, पिक्चर लावला. चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. पंख्याचा आवाज म्हणाल तर कान लावला तरी नाही.

"चाललं," तो म्हणाला, आणि क्षणभर खूश झाला.

"आता आमचं लावून द्या. कार्ड नसलं तरी चित्र येतं म्हणे. मी वाचलंय. वायर फक्त दुसऱ्या भोकात घालायची."

त्याने घातली. पेटी सुरू केली. पडद्यावर एकच ओळ आली, सिग्नल नाही. दुसऱ्यांदा करून बघितलं. तेच. दुरुस्तीवाल्याने एकदा सांगितलेलं त्याला आठवलं, काही प्रोसेसरांना स्वतःचं चित्रच नसतं, त्यांना कार्ड लागतंच लागतं.

"याला कार्डाशिवाय चित्र येणार नाही, ताई."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती मटकन खाली बसली. "संध्याकाळी घरी आले की ते आधी हेच लावतात," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस कळणार नाही असं मला वाटलं होतं. तेवढेच हवे होते. बहिणीकडे पोचेपर्यंत."

मग ते तुटक तुटक बाहेर आलं. घरातला पैसा नवऱ्याच्या हातात. तिचं बाहेर जाणं-येणं कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर. बहीण दुसऱ्या गावाला, लांबच्या प्रवासाला भाडं हवं. नवऱ्याला दिसणार नाही असं घरात विकण्यासारखं काय आहे, हे ती कितीतरी दिवस शोधत होती, आणि पेटीच्या पोटातली ही एकच वस्तू तिला सापडली होती. आज नेटचं बटण बंद करून कॅमेरा आंधळा केला होता. नेट अधूनमधून जातंच, त्यांना संशय येणार नाही, असा तिचा हिशोब.

चष्मेवाल्याला वाटलं, कार्ड परत जागेवर ठेवावं आणि पळावं. हात मात्र दुसरंच करत होते. त्यांनी सतरंजीवरचं म्हातारं कार्ड उचललं आणि तिच्या पेटीत बसवलं. चित्र आलं! अक्षरं जरा मोठी आणि भरड, पण आलं.

"नवे पिक्चर अडखळतील," तो म्हणाला. "जुने चालतील."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने दचकून तो उचलला आणि गडबडीत स्पीकरच लागला.

"अगं, नेट गेलंय का?" पुरुषाचा आवाज. मऊ, अगदी प्रेमळ.

"हो... मघाशी गेलं."

"असं का? खालच्यांचं चालू आहे. मी विचारलं आत्ता त्यांना." थोडं थांबून तो म्हणाला, "खालीच आहे मी. येतोच."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिने धावत जाऊन नेटचं बटण लावलं, रुमाल ओढून खिशात कोंबला. त्याने दोन्ही झाकणं कशीबशी बसवली, स्वतःचा डबा पिशवीत सरकवला. लिफ्ट वर येत असल्याचा घरघराट भिंतीतून ऐकू येत होता. जिन्यावर जायला आता वेळ नव्हता.

"नेटवाले आहात तुम्ही," ती कुजबुजली, आणि कुलपात किल्ली फिरली.

नवरा उंच, नीटनेटका, इस्त्रीच्या शर्टातला. आत येऊन त्याने दार लावलं, वरची कडी घातली, मग हसून बघितलं.

"पाहुणे?"

"नेटवाले," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर आले होते, मी बोलावलं."

"वा. मला न विचारता सगळं व्हायला लागलं की." मग चष्मेवाल्याकडे वळून तो म्हणाला, "बसा ना, काका. कुठल्या कंपनीचे?"

चष्मेवाल्याची बोबडी वळली. तो काहीतरी पुटपुटला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. नवऱ्याने पुन्हा विचारलं नाही. तो वाकला आणि सतरंजीवरून एक बारीक स्क्रू चिमटीत उचलला.

"हा कुठला हो?"

"माझा." आवाज कुठून आला कोण जाणे. "माझ्या मशीनचा. नेट तपासायला आम्ही आमचं मशीन आणतो." आणि त्याने पिशवीचं तोंड उघडून डबा दाखवला.

नवऱ्याने डबा बघितला, त्याला बघितलं, स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला. "मग तपासूनच घेऊ. आता आलाच आहात तर."

त्याने चष्मेवाल्याला नव्या खुर्चीत बसवलं, स्वतः जुन्या खुर्चीत बसला आणि पिक्चर लावला. त्याची बायको भिंतीला टेकून उभी. तिला कुणी बस म्हटलं नाही. पडद्यावर एक मोटार डोंगरातून धावत होती. धावता धावता ती थबकली. पुन्हा धावली, पुन्हा थबकली. चष्मेवाल्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचीही सोय नव्हती.

"नेटमुळे होतं असं," तो म्हणाला. "दाब कमी-जास्त होतो. थोडा वेळ बंद ठेवा."

"हा पिक्चर नेटवरचा नाही, काका. इथे पेटीत आहे."

नवऱ्याने शांतपणे पिक्चर थांबवला, उठला आणि बायकोसमोर जाऊन उभा राहिला. "तू हात लावलास का याला?" अजूनही तोच मऊ आवाज. तिच्या कुडत्याची कॉलर मुडपली होती, ती सरळ करायला त्याने हात वर केला. हात पोचायच्या आधीच तिने डोळे गच्च मिटून घेतले होते.

चष्मेवाल्याने ते बघितलं. लोकांच्या डोळ्यांकडे बघण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं, पण असं मिटणं त्याने पाहिलं नव्हतं.

"तुम्ही निघा, काका," नवरा वळून म्हणाला. "काय झालंय ते आम्ही दोघं बघतो." आणि त्याने स्वतः कडी काढून दार उघडून दिलं.

चष्मेवाला बाहेर आला. बूट हातात, पिशवी खांद्याला. समोरच्या फ्लॅटच्या दारात एक म्हातारी बाई झाडू मारत होती. जिना मोकळा होता. त्याचं सगळं अंग जिन्याकडे ओढ घेत होतं. पाच पावलं टाकली की सुटला असता, आणि कुणी त्याला नावंही ठेवली नसती. त्याने बूट पायात सरकवले. नाडी काही बांधता येईना. तसाच तो वळला.

"ताई, तुम्ही येताय ना?"

नवरा हसला. "कुठे?"

"खाली." पुढचं काही सुचेना. मग शब्द बोलणं म्हणून आलेच नाहीत, किंकाळीच फुटली. "ताई, चला!"

म्हातारीचा झाडू थांबला. वरच्या मजल्यावर कुठेतरी दार वाजलं. नवऱ्याने चौकटीवर आडवा हात ठेवला होता, आणि त्याच्या मागे ती उभी होती. "काय झालं हो?" म्हातारीने विचारलं. चार लोकांत चांगला म्हणवून घेणारा माणूस तो. त्याने हसत हात खाली घेतला. "काही नाही, आजी."

तेवढ्यात ती त्याच्या बाजूने बाहेर सटकली. अनवाणी, रिकाम्या हाताने, फोनसुद्धा न घेता. दोघं जिना उतरायला लागले. चष्मेवाला भिंतीला हात लावून उतरत होता. वरून हाक आली, मुळीच न चढलेल्या आवाजात. "अगं, चप्पल तरी घाल!"

आणि मागून पावलं. सावकाश. प्रत्येक मजल्यावर एकच जिना मागे.

रस्त्यावर टॅक्सी मिळाली. ती आत बसली, चष्मेवाला बसला, आणि ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "साहेब येतायत ना मागून?" नवरा फाटकात उभा होता. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असतं, केवढा जपणारा माणूस.

"नाही," ती म्हणाली. "चला. चला ना!"

दुकानात पोचल्यावर चष्मेवाल्याच्या बायकोने आधी काही विचारलंच नाही. तिने त्या अनवाणी पायांकडे बघितलं, आपल्या नवऱ्याच्या सुटलेल्या नाड्यांकडे बघितलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि आपल्या जादा चपला पुढे केल्या. मग ती मुलगी रडली. तिच्या बहिणीला फोन लावून झाला, पोलीस चौकीत जाऊन जबाब लिहून झाला. संध्याकाळी बायको स्वतः तिला बसपर्यंत सोडून आली. कार्डाचे पैसे चष्मेवाल्याने दुप्पट करून द्यायला काढले होते, पण तिने ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही. "मी विकलंय, काका," ती म्हणाली. "मागितलं नाही."

घरी आल्यावर दोघांना जेवण गेलं नाही. चष्मेवाल्याचा फोन टुणकन वाजला. तिच्याच नंबरवरून मेसेज होता. "काका, तुमचं जुनं कार्ड आमच्याकडे राहिलंय. दुकानात आणून देतो."

"दुकान आहे हे त्याला काय माहीत?" बायको म्हणाली.

त्याने फोन उलटा करून दाखवला. त्याच्या स्वतःच्या नंबरपुढे फोटो होता तो दुकानाच्या पाटीचा. ठळक अक्षरं, खाली पत्ता. हौसेने त्यानेच लावलेला.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. काच घासता घासता दाराची घंटी वाजली की काच हातातून निसटायची. दोन फ्रेमा वाया गेल्या. पोलिसांनी सांगितलं होतं, आला तर फोन करा, पण आल्यावर फोन करायला हात चालेल का, याचीच त्याला शंका होती.

आणि एका सकाळी तो आला. चष्मेवाला मागच्या खोलीत होता. पडद्यापलीकडून तो मऊ आवाज ऐकू आला. "काका आहेत का? त्यांची वस्तू द्यायची होती."

बायको म्हणाली, "ठेवा काउंटरवर आणि निघा."

"निघतो की. फक्त माझी बायको कुठे आहे तेवढं सांगा. घरचं माणूस आहे. काळजी वाटते हो."

चष्मेवाल्याने पोलिसांचा नंबर लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. त्याने दुकानाचं नाव सांगितलं, "आलाय" म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवून पडद्यातून बाहेर आला. आत थांबला असता तरी चाललं असतं. पण बाहेर बायको एकटी होती.

"कुठे आहे ती?" नवऱ्याने त्याला विचारलं.

चष्मेवाल्याने फोन काउंटरवर ठेवून त्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. माहीत नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. "मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज फाटला. "आणि मी सांगणार नाही."

"तुम्हाला भीती वाटतेय, काका."

"वाटतेय. खूप वाटतेय. तरी सांगणार नाही."

नवऱ्याने काउंटरवरच्या फोनकडे बघितलं. त्यातून कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. त्याने शर्टाची बाही नीट केली, भिंतीवरच्या फ्रेमांवरून सावकाश नजर फिरवली आणि निघून गेला. दाराची घंटी वाजली. चष्मेवाला मागच्या खोलीत जाऊन बेसिनवर ओणवा झाला आणि सकाळचं सगळं ओकला. बायको पाठीवरून हात फिरवत उभी होती. तिचाही हात कापत होता, हे त्याला पाठीला कळलं.

पोलिसांनी नवऱ्याला बोलावून घेतलं, समज दिली, कागदावर सही घेतली. तो परत दुकानात आला नाही. महिनाभराने एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. तिला बहिणीच्या गावात काम लागलं होतं, एका छापखान्यात, आणि वकील मिळाला होता. शेवटी लिहिलं होतं, "काकूंना सांगा, चपला पाठवीन."

"राहू देत म्हणावं," बायको म्हणाली.

चष्मेवाल्याने फोटो काढून टाकला, नंबर मात्र बदलला नाही, तिच्याकडे तोच होता म्हणून. अजूनही मऊ आवाजाचं कुणी गिऱ्हाईक आलं की त्याच्या छातीत धस्स होतं. तो पडदा बाजूला करून आधी चेहरा बघतो. मग बाहेर येतो.